मध्यरेषा एकीकडे, टेप दुसरीकडे: तिरक्या पाइपांचे आणि डक्टचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत: पाइप किंवा डक्ट (हवा नेणारी पत्र्याची नळी) एका रेषेतून शेजारच्या समांतर रेषेत तिरका न्यायचा आहे आणि हिशेब बरोबर असून जोड जुळत नाही. शब्द आधी ठरवून घेऊ. दोन समांतर पाइपांच्या मध्यरेषांमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. त्यांना जोडणाऱ्या तिरक्या भागाची सेंटर-टू-सेंटर लांबी म्हणजे ट्रॅव्हल. तिरकं जाताना लाइन सरळ दिशेत जितकी पुढे सरकते तो रन. तिन्ही मिळून काटकोन त्रिकोण होतो, ट्रॅव्हल हा त्याचा कर्ण.

प्र. चार इंची एम.एस. (माइल्ड स्टील) लाइन ६०० मिमी वर उचलायची होती. ६०० ला १.४१४ ने गुणून ८४८ चा तुकडा कापला आणि दोन्ही टोकांना ४५ अंशांचे एल्बो (वळणाचे जोड) लावले. लाइन ९५ मिमी जास्त वर गेली. गुणाकार तीनदा तपासला. (पाइप फिटर, रसायनी)

गुणाकारात चूक नाही. ८४८ ही एका एल्बोच्या सेंटरपासून दुसऱ्या एल्बोच्या सेंटरपर्यंतची लांबी आहे आणि ते सेंटर हवेत असतात, तिथे टेप लागत नाही. तुम्ही मात्र तेवढा नुसता पाइप कापलात. दोन्ही एल्बोंनी ट्रॅव्हलचा जो भाग खाल्ला, तो वजा करायचा राहिला. त्यालाच टेक-ऑफ म्हणतात.

लाँग रेडियस (मोठ्या त्रिज्येच्या) बट-वेल्ड (तोंडाला तोंड लावून वेल्ड करायच्या) ४५ एल्बोचे टेक-ऑफ एएसएमई बी१६.९ या मानकाप्रमाणे असे: २ इंचीला ३५ मिमी, ३ इंचीला ५१, ४ इंचीला ६४, ६ इंचीला ९५, ८ इंचीला १२७. तुमचा हिशेब मग असा होतो: ८४८.५ मधून दोनदा ६४ गेले, उरले ७२०.५. दोन जोडांचे रूट गॅप (वेल्डसाठी सोडलेली फट) ३-३ मिमी धरून ६ गेले, उरले ७१४.५. तुम्ही १३४ मिमी लांब कापलात. १३४ चा ४५ अंशांत उभा भाग ९५ मिमी भरतो, तोच तुम्हाला दिसला.

गॅप डोळ्याने धरू नका. ३.१५ च्या इलेक्ट्रोडचा फ्लक्स झाडून तार व्हीसारखी वाकवा, जोडात धरा आणि मग टॅक (वेल्डचा तात्पुरता ठिपका) मारा. वेल्ड थंड होताना जोड थोडा ओढतो. लांब लाइनमध्ये जोड बरेच असतील तर ही ओढ साठत जाते, म्हणून शेवटचा तुकडा बाकीचं वेल्डिंग झाल्यावर जागेवर मोजून कापावा.

गुणक पाठ असलेले बरे. ट्रॅव्हलसाठी ऑफसेटला ६० अंशांत १.१५५ ने गुणा, ४५ मध्ये १.४१४, ३० मध्ये २ आणि साडेबावीसमध्ये २.६१३. रनसाठी त्याच क्रमाने ०.५७७, १, १.७३२ आणि २.४१४. इंचात काम करणाऱ्यांचा ‘१२ ला १७’ हा हिशेब ४५ अंशांसाठी चालतो, दर फुटाला चूक पाऊण मिलिमीटर. सहा फुटांच्या ऑफसेटला ती साडेचार मिमी होते, तिथे तो सोडा.

मोजायचं कुठून, हेही सांगायला हवं. दोन्ही पाइप एकाच व्यासाचे असतील तर सेंटर शोधत बसू नका. एकाच्या वरच्या कडेपासून दुसऱ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, ऑफसेट तोच येतो. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत मोजलं की एक अख्खा व्यास जास्त किंवा कमी पडतो.

प्र. लाइन एकाच वेळी ४८० मिमी वर आणि ३५० मिमी उजवीकडे न्यायची आहे. दोन वेगळे ऑफसेट केले तर चार एल्बो लागतात. दोनात होईल का? एल्बो किती फिरवायचा? (फॅब्रिकेशन शॉप, भोसरी)

होईल. याला रोलिंग ऑफसेट म्हणतात. कागदावर सोपा, साइटवर चुकतो.

पाइपाच्या तोंडाकडे समोरून पाहा. दुसऱ्या पाइपाचं तोंड ४८० वर आणि ३५० बाजूला दिसेल. दोन सेंटरमधलं सरळ तिरकं अंतर हाच खरा ऑफसेट. ४८० चा वर्ग २,३०,४००, ३५० चा १,२२,५००. बेरीज ३,५२,९००, वर्गमूळ ५९४. यापुढे हा साधा ५९४ चा ऑफसेट समजा: ४५ च्या एल्बोने ट्रॅव्हल ८४०, रन ५९४. चार इंचीचा कापायचा तुकडा ८४० वजा १२८ वजा ६, म्हणजे ७०६.

४८० आणि ३५० ची सरळ बेरीज करून ८३० ऑफसेट धरणारेही आहेत. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रन ४८० धरणं. लाइन पुढच्या दिशेत ५९४ सरकते. तेवढी जागा नसेल तर ४५ चा एल्बो बसणारच नाही. समजा रनला ५०० च मिळतात, तर कोन ५० अंशांच्या आसपास येतो आणि ९० चा एल्बो कापून वापरावा लागतो. त्याची रीत पुढच्या उत्तरात आहे.

आता फिरवणं. पाइप उभ्या रेषेपासून किती कललाय हे ३५० भागिले ४८० च्या टॅन्जंटवरून निघतं: ३६.१ अंश. हा कोन पाइपावर उतरवायला कोनमापक लागत नाही. चार इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी आणि परिघ ३५९ मिमी, म्हणजे परिघावरचा एक मिलिमीटर जवळजवळ नेमका एक अंश. लेव्हल ठेवून पाइपाच्या तोंडाशी वरचं सेंटर खुणावा, तिथून उजवीकडे पत्र्याची पट्टी गुंडाळून ३६ मिमी मोजा आणि पंच मारा. एल्बोची आतली, म्हणजे आखूड बाजूची मध्यरेषा या खुणेवर आली की एल्बो हव्या त्या दिशेला तोंड करतो. इतर मापांना व्यास भागिले ११४.६ केलं की एका अंशाचे मिलिमीटर मिळतात: ६ इंचीला १.४७, ८ इंचीला १.९१, २ इंचीला ०.५३.

आमचा कल मात्र हवेत एकेक एल्बो फिरवण्यापेक्षा स्पूल (एल्बो आणि पाइप जोडून केलेला भाग) जमिनीवर सपाट बांधण्याकडे आहे. फरशीवर खडूने ५९४ अंतराच्या दोन समांतर रेषा आखा, दोन्ही एल्बो आणि मधला तुकडा त्यावर टॅक करा. दोन्ही टोकांना हातभर पाइप लावून अंतर दोन जागी मोजा, ५९४ दोन्हीकडे आलं तरच टोकं समांतर आहेत. मग अख्खा स्पूल उचलून ३६ अंश कलता धरा. यात एल्बो एकमेकांच्या सापेक्ष पिळले जात नाहीत. हवेत बांधताना दुसरा एल्बो एक अंशाने जरी पिळला, तर तीन मीटर पुढे लाइन ३७ मिमी बाहेर जाते.

प्र. पंपाचा आणि हेडरचा (मुख्य पाइपाचा), असे दोन्ही पाइप आधीच बसलेत. त्यांच्या तोंडांत सरळ दिशेने ७५१ मिमी अंतर आहे, ऑफसेट ५००. ४५ चा एल्बो जमत नाही. कोन काढायचा कसा? (मेंटेनन्स फिटर, साखर कारखाना)

४५ ला रन ५०० हवा, त्यात दोन टेक-ऑफ आणि गॅप मिळवले तरी ६३४ होतात. तुमच्याकडे ७५१ आहेत, म्हणजे कोन कमी पाहिजे. ५०० भागिले ७५१ करून कोन काढला की काम फसतं, कारण ७५१ हा रन नाही. त्यात दोन टेक-ऑफ दडलेत आणि टेक-ऑफ कोनावर ठरतो. कोन काढायला टेक-ऑफ हवा, टेक-ऑफला कोन हवा. म्हणून अंदाज धरून दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात.

७५१ मधून गॅपचे ६ काढा: ७४५. पहिली फेरी: ५०० भागिले ७४५, कोन ३३.९. टेक-ऑफ म्हणजे एल्बोची त्रिज्या गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. चार इंची लाँग रेडियसची त्रिज्या १५२.४, म्हणून टेक-ऑफ ४६.४. दोन टेक-ऑफ वजा करून रन ६५२. दुसरी फेरी: ५०० भागिले ६५२, कोन ३७.५, टेक-ऑफ ५१.७, रन ६४१.६. तिसऱ्या फेरीत कोन ३७.९, चौथीत ३८. इथे थांबा. कोन ३८, टेक-ऑफ ५२.५, रन ६४०, ट्रॅव्हल ८१२, कापायचा तुकडा ७०१.

आता ९० च्या एल्बोतून ३८ अंश कापायचे. फॅक्टरीच्या बेव्हलपासून (वेल्डसाठी उतरती केलेली कड) मोजा. बाहेरच्या पाठीवर दर अंशाला ३.६६ मिमी, आतल्या बाजूला १.६६, दोन्ही कुशींवर मध्यरेषेत २.६६. म्हणजे पाठीवर १३९, आत ६३, कुशींवर १०१. चारही खुणांवरून पातळ पत्र्याची लवचिक पट्टी फिरवून रेषा मारा. पट्टी चारही खुणांना सहज टेकली पाहिजे. ओढून बसवावी लागली तर एखादं माप चुकलंय.

एकाच ९० च्या एल्बोच्या दोन्ही टोकांकडून ३८-३८ कापले तर दोन्ही तुकडे निघतात, मधे १४ अंशांचा काप वाया जातो. दुसरा एल्बो आणायची गरज नाही. प्रत्येक तुकड्याला एक बाजू फॅक्टरी बेव्हलची मिळते, दुसरी तुम्ही ग्राइंडरने काढायची. कापलेल्या तोंडाशी एक अडचण येते. एल्बोच्या मधल्या भागात आतली भिंत जाड आणि बाहेरची पातळ असते, शिवाय तोंड जरा अंडाकृती असतं. पाइपाला लावलं की आतून पायरी दिसते. ती आतून घासून उतरवा, नाहीतर रूट रन (वेल्डचा पहिला थर) एका बाजूला पकडत नाही.

प्र. ऑफसेट फक्त ७० मिमी आहे, चार इंची. ४५ चे दोन एल्बो पाठोपाठ लावले तरी जास्त होतं.

होणारच. मधला तुकडा शून्य धरून दोन ४५ एकमेकांना जोडले तरी ९३ मिमी येतात, त्याखाली जाता येत नाही. दोन्ही एल्बो ३९ अंशांना कापा, मधे एकच वेल्ड ठेवा. ७० मिळतील.

प्र. चार इंची दोन चिल्ड वॉटर लाइन ३०० मिमी सेंटरने शेजारी जातात. दोन्हींना एकाच रेषेवर ४५ चा ऑफसेट दिला. तिरक्या भागात ५० मिमीचं इन्शुलेशन बसत नाही. (एचव्हीएसी सुपरवायझर, पुणे)

एकाच रेषेवर वळवलेले पाइप तिरक्या भागात एकमेकांकडे सरकतात. ४५ ला ३०० चं अंतर ३०० गुणिले ०.७०७, म्हणजे २१२ उरतं. ११४ च्या पाइपावर दोन्हीकडून ५० चं इन्शुलेशन म्हणजे २१४. दोन मिलिमीटर कमी पडले. साइटवर अशा जागी इन्शुलेशन तासून बसवतात, व्हेपर बॅरियर (ओल अडवणारा थर) तिथे फाटतो आणि पावसाळ्यात नेमकं तिथूनच पाणी टिपकतं.

अंतर ३०० च राखायचं तर वळण मागे-पुढे करावं लागतं. वळणाच्या आतल्या बाजूचा पाइप आधी वळवायचा, अंतर गुणिले अर्ध्या कोनाच्या टॅन्जंटने. ४५ ला ०.४१४, म्हणजे १२४ मिमी आधी. दुसरं वळणही त्याच पाइपाचं १२४ आधी येतं, म्हणून दोन्ही ट्रॅव्हल सारखेच निघतात आणि तुकडे एकाच मापाचे कापता येतात. ३० अंशांच्या वळणाला गुणक ०.२६८, ६० ला ०.५७७. तिसरा पाइप असेल तर त्याला आणखी तेवढंच.

प्र. ६०० × ३०० चा डक्ट बीम चुकवून ३०० मिमी बाजूला न्यायचाय, लांबी १००० मिळते. गोलाईचा एस-पीस पत्र्यावर कसा आखायचा? (शीट मेटल वर्कशॉप, नाशिक)

दोन सारखे कंस जोडून एस होतो. मध्यरेषेची त्रिज्या काढा: लांबीचा वर्ग अधिक ऑफसेटचा वर्ग, भागिले चार ऑफसेट. १०,९०,००० भागिले १२०० म्हणजे ९०८. रुंदीचा अर्धा, ३०० वजा केला की आतली त्रिज्या ६०८, मिळवला की बाहेरची १२०८. त्रिज्या रुंदीच्या दीडपट आली, हवेला ती पुरते.

आखताना एका टोकाच्या ६०० च्या कडेची रेषा सरळ बाहेर वाढवा. पहिल्या कंसाचं केंद्र याच रेषेवर, डक्टच्या सेंटरपासून ९०८ वर, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला. दुसऱ्या कंसाचं केंद्र दुसऱ्या टोकाच्या रेषेवर, उलट बाजूला. दोन केंद्रं जोडणारी रेषा जिथे मध्यरेषा कापते तिथे कंस बदलतो, म्हणजे बरोबर मधोमध. प्रत्येक कंस ३३.४ अंशांचा. शॉपमध्ये कंपास म्हणून पत्र्याच्या पट्टीला दोन भोकं पाडून खिळा आणि स्क्राइबर वापरतात. पट्टी लवत नाही ना, एवढं पाहा.

बाजूच्या दोन पट्ट्यांची लांबी वेगवेगळी असेल असं वाटतं, पण दोन्ही १०५९ मिमीच निघतात. प्रत्येक पट्टी एकदा आतल्या आणि एकदा बाहेरच्या कंसावरून जाते. एखादी आखूड पडली तर ती उलट लावली जातेय असं नव्हे, आखणीतच केंद्र हललंय. रुंदी ३०० आणि वर पिट्सबर्ग लॉकची (एका पत्र्याची कडा दुसऱ्याच्या खिशात बसवून दुमडायचा जोड) मार्जिन. लॉकची खोली मशीनप्रमाणे बदलते, म्हणून आधी एक तुकडा मशीनमधून काढून मोजा आणि मगच मार्जिन धरा. खिसा सरळ पट्टीला, एकेरी कडा एसच्या आकाराच्या वर-खालच्या पत्र्याला. उलट केलं तर गोलाईवर खिसा चुरगळतो.

खरं तर या मापांना गोलाईची गरज आहे का, हेही विचारा. सरळ तिरका तुकडा लावलात तर कोन १६.७ अंश, तिरकी लांबी १०४४, आणि डक्टची काटकोनातली रुंदी ६०० वरून ५७५ होते. चार टक्के कमी. एवढ्यासाठी गोलाईचा खर्च करावा असं आम्हाला वाटत नाही. लांबी ५०० च असती तर गोष्ट वेगळी: सरळ तिरक्यात कोन ३१ अंश, रुंदी ५१४ वर येते आणि आवाज वाढतो. तिथे गोलाईही जमत नाही. सूत्रातून त्रिज्या २८३ येते, जी रुंदीच्या अर्ध्यापेक्षाही कमी आहे, म्हणजे आतला कंसच उरत नाही. अशा वेळी मायटर (तिरक्या कापाच्या) जोडात टर्निंग व्हेन (हवा वळवणारी पाती) लावावे लागतात.

प्र. ११० मिमी एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप बीममुळे २५० मिमी बाजूला घ्यायचाय. बेंडवर टेक-ऑफ लिहिलेला नसतो.

४५ चे दोन बेंड, ट्रॅव्हल ३५४. ९० चे दोन लावू नका, तिथे तुंबतं. टेक-ऑफ कंपनीगणिक बदलतो, तेव्हा हातातल्या बेंडचाच काढा. बेंडच्या दोन्ही तोंडांना पाइपाचे तुकडे कोरडे लावा, फरशीवर आडवं ठेवा, दोन्ही पाइपांच्या मध्यरेषा खडूने वाढवा. जिथे छेदतील ते सेंटर. तिथून एकीकडे सॉकेटच्या आतल्या टेकूपर्यंत आणि दुसरीकडे साध्या टोकापर्यंत मोजा. एका बाजूला सॉकेट, दुसरीला साधं टोक असलेल्या बेंडची ही दोन मापं वेगळी येतात आणि दोन्ही ३५४ मधून वजा करताना कोणतं टोक तिरक्या पाइपाकडे आहे ते बघा. सॉकेट नेहमी वरच्या, म्हणजे पाणी येणाऱ्या बाजूला. रिंग-फिट असेल तर पाइप पूर्ण आत ढकला, खूण करा आणि १० मिमी मागे ओढा. उन्हातल्या तीन मीटर पाइपाला ३० अंशांच्या फरकाने सहा मिमीच्या आसपास वाढ लागते.

प्र. जीआय कंड्युटला (वायरींसाठीची जस्त चढवलेली नळी) ३० चे दोन बेंड देऊन १०० मिमी उचलायचाय. खुणा किती अंतरावर?

दोन खुणांत २०० मिमी. कंड्युट २७ मिमीने आखडतो, म्हणून टोकापासून अडथळ्यापर्यंतच्या मापात २७ मिळवून पहिली खूण करा आणि दुसरी २०० मिमी टोकाच्या बाजूला घ्या.

प्र. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ६०० भागिले साइन ४५ केलं तर ७०५ येतं. तुमच्या हिशेबात ८४८ आहे. कोण चुकतंय?

मोबाइल रेडियनवर आहे. तो ४५ हे अंश न धरता रेडियन धरतोय. डीईजी (अंश) निवडा. ७०५ हे उत्तर दिसायला सहज पटणारं आहे, म्हणूनच ते कापलं जातं. रोज कामाला लागताना आधी साइन ३० दाबून बघा, ०.५ आलं पाहिजे.